अर्धे हृदय आणि एक क्रमांक : लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलमधील मुले 🧵

१/ अठराव्या शतकातील लंडनमध्ये हजारो तान्ह्या मुलांचे जन्माचे नाव पुसून त्यांना दुसरे नाव देण्यात आले. आपली आई कोण, हे त्यांना आयुष्यभर कळले नाही. तिचा माग लावता येईल असा कागद मात्र घडी घालून, मोहोरबंद करून त्यांच्याच संस्थेत ठेवलेला होता.

२/ ही संस्था म्हणजे फाउंडलिंग हॉस्पिटल. येथे 'हॉस्पिटल' याचा अर्थ रुग्णालय नव्हे, तर आश्रयस्थान. दर्यावर्दी व्यापारी थॉमस कोरम यांनी रस्त्यावर टाकून दिलेली अर्भके पाहिली आणि सुमारे १७ वर्षे खटपट केली. अखेर १७३९ मध्ये राजा दुसरा जॉर्ज याने संस्थेला सनद दिली.

३/ २५ मार्च १७४१ च्या रात्री हॅटन गार्डन येथील घरात पहिली मुले दाखल झाली. जागा थोडी आणि आया पुष्कळ, म्हणून १७४२ पासून सोडत सुरू झाली. आईने पिशवीत हात घालून चेंडू काढायचा. पांढरा निघाला तर तपासणीनंतर प्रवेश, तांबडा निघाला तर प्रतीक्षा, काळा निघाला तर मुलासह माघारी.

४/ प्रवेश मिळताच मुलाचा नवा बाप्तिस्मा होई आणि नवे नाव पडे. पहिल्या मुलांपैकी दोघांना संस्थापक दांपत्याचीच नावे मिळाली : थॉमस कोरम आणि युनिस कोरम. नाव बदलले तरी ओळख राहावी म्हणून मुलाच्या गळ्यात क्रमांक असलेला शिशाचा बिल्ला बांधला जाई.

५/ त्यानंतर बाळाची रवानगी खेड्यातील दूधआईकडे होई. संस्था तिला मोबदला देई. साधारण पाच वर्षांचे होईपर्यंत ते मूल त्याच घरात वाढे आणि तिलाच आई समजे. पुढे त्याला लंडनला परत आणले जाई. पहिली ताटातूट त्याला आठवत नसे. ही दुसरी मात्र कळत्या वयातली होती.

६/ परिस्थिती सुधारली तर आईला मूल परत मागता येई. ओळख पटावी म्हणून ती एखादी खूण ठेवून जाई : कापलेले नाणे, अंगठी, कवितेच्या ओळी. बहुतेक खुणा मात्र कापडाच्या तुकड्यांच्या आहेत. असे सुमारे ५,००० तुकडे आजही नोंदींना टाचलेले सापडतात. सामान्य स्त्रियांच्या कपड्यांचा इतका मोठा संग्रह त्या काळातील ब्रिटनमधून दुसरा उरलेला नाही.

७/ त्यांतील एक तुकडा विशेष प्रसिद्ध आहे. ११ फेब्रुवारी १७६७ रोजी सारा बेंडर हिने आपला मुलगा चार्ल्स संस्थेत ठेवला. चिंध्या जोडून केलेल्या कापडावर हृदय भरतकामाने काढलेले होते आणि ते कापड मधोमध कापलेले होते. संस्थेने मुलाचे नाव बेंजामिन ट्वर्ल ठेवले. १० जून १७७५ रोजी, आठ वर्षांनंतर, सारा आली आणि मुलाला घेऊन गेली.

८/ असे भाग्य अपवादानेच लाभले. १७४१ ते १७६० या काळात १६,२८२ मुले दाखल झाली. परत नेली गेली फक्त १५२. १७५६ मध्ये संसदेने अनुदान दिले, पण येईल ते प्रत्येक मूल घेण्याची अट घातली. चार वर्षांत सुमारे १५,००० मुले आली आणि त्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश दगावली.

९/ या व्यवस्थेतील मेख अशी की, तिचे दार एकाच बाजूने उघडत होते. आईला मुलाचा शोध घेता येत होता. मुलाला आईचा नाही. गुप्ततेमुळे आईची अब्रू वाचेल आणि मुलाला जन्माचा डाग लागणार नाही, ही त्यामागची धारणा होती. ज्या मुलांसाठी खुणा ठेवल्या होत्या, त्यांना त्या कधीच दाखवल्या गेल्या नाहीत.

१०/ एकोणिसाव्या शतकात आणखी एक आघात झाला. प्रदर्शनात मांडण्यासाठी अनेक खुणा मूळ कागदांतून काढून घेण्यात आल्या. नाणी, अंगठ्या काचेमागे झळकू लागल्या. पण कोणती खूण कोणत्या मुलाची, हा दुवाच तुटला. पुढे संशोधकांनी जुन्या नोंदींतील वर्णने एकेक ताडून त्यांतील काहींची सांगड पुन्हा घातली.

११/ गुप्ततेची ही धारणा विसाव्या शतकातही टिकली. इंग्लंड आणि वेल्समध्ये दत्तकविधानाला १९२६ मध्ये कायद्याचे रूप मिळाले, परंतु दत्तक गेलेल्या प्रौढ व्यक्तीला स्वतःची मूळ जन्मनोंद पाहण्याचा हक्क १९७५ च्या कायद्याने दिला. स्कॉटलंडमध्ये तो १९३० पासूनच होता.

१२/ फाउंडलिंग हॉस्पिटलची निवासी व्यवस्था १९५४ मध्ये संपली. तेथे वाढलेल्या काहींनी उतारवयात आपल्या आईचे नाव शोधून काढले. अठराव्या शतकातील मुलांचे वंशज आज त्याच नोंदवह्या चाळतात. शोधाची सुरुवात बहुधा बदललेल्या नावापासून होते. त्या नावावरून क्रमांक सापडतो, आणि नशीब असेल तर त्या क्रमांकाच्या कागदाला टाचलेला कापडाचा एक तुकडा.