‘हिंदू कोळी’ एवढीच नोंद

जिल्हा लोकल बोर्डाच्या काळातल्या मराठी शाळेचे जनरल रजिस्टर उघडले की रकाने ठरलेले असतात: अनुक्रमांक, मुलाचे नाव, बापाचे नाव, धर्म व जात, जन्मगाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, शेरा. ‘धर्म व जात’ हा रकाना अरुंद असतो. त्यात दोन शब्द मावतात, तिसरा कोंबावा लागतो. तापीकाठच्या असंख्य मुलांच्या नावापुढे या रकान्यात ‘हिंदू कोळी’ एवढेच लिहिलेले आहे. ज्या मास्तरांनी ते लिहिले, त्यांच्या मनात वर्ग भरवण्यापलीकडे काही असण्याचे कारण नव्हते. आज त्या मुलाची पणती ‘नीट’ परीक्षा देऊन वैद्यकीय प्रवेशाच्या यादीत येते, अनुसूचित जमातीची जागा मागते, तेव्हा तिची गुणपत्रिका एका टेबलावर आणि हे पान दुसऱ्या टेबलावर तपासले जाते. बहुतेक वेळा निर्णय दुसऱ्या टेबलावर होतो.

त्या दोन शब्दांत काय सांगितले आहे आणि काय सांगितलेले नाही, हे उपलब्ध कागदांवरून लावून पाहता येते. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६च्या डिसेंबरअखेर देह ठेवला आणि जिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले, तिथल्या वाचकाला अस्सल कागदाचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही. अडचण अशी, की इथे कागद अस्सल असूनही अपुरा पडतो.

पहिला साक्षीदार १८८०चा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बारावा खंड कॅम्बेलच्या संपादनाखाली त्या वर्षी निघाला आणि तो अखंड खान्देश जिल्ह्याचा आहे. १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेकडचा पुढे जळगाव जिल्हा झाला, पश्चिमेकडचा धुळे, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. शोध घेणाऱ्याने हे विभाजन ध्यानात ठेवावे, कारण एकाच घराण्याचे कागद तीन जिल्ह्यांच्या दप्तरांत विखुरलेले असू शकतात. गॅझेटिअर समूहांचे वर्णन करते, माणसांची नावे देत नाही. अमुक गावचा अमुक कोळी कोणत्या शाखेचा, याचे उत्तर त्यात नाही. १९२० ते १९२२ या काळात निघालेल्या, जाती-जमातींवरच्या एन्थोव्हेनच्या तीन खंडांचीही तीच मर्यादा. असे समूह प्रदेशात होते, इतके या ग्रंथांवरून सिद्ध होते. त्यापुढचे सारे अनुमान.

मग जनगणना? १९३१च्या जनगणनेपर्यंत जातवार तक्ते छापले गेले. घरोघरी भरलेल्या नोंदी हाती लागल्या असत्या तर पुष्कळ वाद मिटले असते. पण १९४८च्या जनगणना कायद्याचे पंधरावे कलम हे दार बंद करते. गणकाने केलेली नोंद पाहण्याचा हक्क कोणालाही नाही आणि दिवाणी कामात ती पुरावा म्हणून चालत नाही. त्यामुळे शोध पुन्हा गावाकडे वळतो. शाळेचे रजिस्टर, गाव नमुना १४ म्हणजे कोतवालाची जन्ममृत्यूची नोंदवही, जुनी खरेदीखते, आजोबा सरकारी नोकरीत असतील तर त्यांचे सेवापुस्तक. जुन्या नोंदी मोडीत असतात. म्हणून मोडी वाचणाऱ्यांना जातपडताळणीने नवे काम दिले आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने ते पाहिले.

आता काळाचा प्रश्न. न्यायालये ‘घटनापूर्व’ कागदाला अधिक वजन देतात. तर्क सरळ आहे: सवलत नव्हती, म्हणून खोटे लिहिण्याचा हेतूही नव्हता. अनुसूचित जमातींचा पहिला आदेश ६ सप्टेंबर १९५०चा, म्हणून त्याआधीची नोंद निर्हेतुक. मला ही रेषा थोडी ठोकळ वाटते. मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट समिती नेमली. डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा तिचे सदस्य होते. १९३०च्या अहवालात तिने मागासांची तीन गटांत विभागणी केली: दलित वर्ग, आदिम व डोंगरी जमाती आणि इतर मागास वर्ग. पाठोपाठ मागासवर्गीयांसाठी वेगळे खाते आणि अधिकारी आले. तेव्हा १९१५ची नोंद आणि १९४५ची नोंद दोन्ही घटनापूर्व असल्या, तरी त्यांच्या साक्षीला सारखेच वजन देता येणार नाही. पहिली लिहिली गेली तेव्हा कोणतीही यादी अस्तित्वात नव्हती. दुसरीच्या वेळी यादी होती आणि थोड्याफार सवलतीही होत्या. अर्थात सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळामास्तराला त्याची खबर होती, असे मी म्हणत नाही. तारखेपुढे ‘घटनापूर्व’ असा शिक्का मारून मोकळे होऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

यादीही स्थिर राहिली नाही. १९५६च्या दुरुस्तीत ‘कोळी ढोर’ या नोंदीत टोकरे कोळी, कोलचा, कोलघा यांचा स्पष्ट उल्लेख आला. ठाकूर जमातीला मात्र अहमदनगर, कुलाबा, नाशिक, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांतल्या ठरावीक तालुक्यांचे कुंपण होते. म्हणजे जळगाव-धुळ्याच्या ठाकरांना त्या काळात जमात म्हणून दाखला मागण्याची सोयच नव्हती. १९७६च्या १०८ क्रमांकाच्या कायद्याने हे क्षेत्रबंधन काढले आणि २७ जुलै १९७७पासून तो लागू झाला. आज महाराष्ट्राच्या यादीत २८व्या क्रमांकावर कोळी ढोर, टोकरे कोळी, २९व्यावर कोळी महादेव, डोंगर कोळी, ३०व्यावर कोळी मल्हार आणि ४४व्यावर ठाकूर, ठाकर आहेत. नुसते ‘कोळी’ त्यात कुठेही नाही. तो समूह राज्याच्या विशेष मागास प्रवर्गात आहे.

इथे त्या जुन्या पानाकडे परत जाऊ. ‘हिंदू कोळी’ या शब्दांवरून मुलगा कोळी म्हणवणाऱ्या समूहातला होता हे निश्चित. तो टोकरे कोळी नव्हता, हे मात्र त्यातून निघत नाही. तो होता, हेही निघत नाही. मास्तरांनी शाखा विचारलीच नसेल, विचारून गाळली असेल, किंवा शाखा नव्हतीच म्हणून लिहिली नसेल. तिन्ही शक्यतांत पानावर तेच दोन शब्द उमटतील. ज्या निर्हेतुकपणामुळे ही नोंद विश्वसनीय ठरते, त्याच निर्हेतुकपणामुळे ती मोघमही राहते. खोटे लिहिण्याचे कारण नव्हते, तसे नेमके लिहिण्याचेही नव्हते.

न्यायालयाने यातून काय काढले, ते निकालांत क्रमाने दिसते. २ सप्टेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला माधुरी पाटील निकाल या साऱ्या यंत्रणेचा पाया आहे. वाद वैद्यकीय प्रवेशाचाच होता, दावा महादेव कोळी असल्याचा, आणि वडिलांच्या शाळेची नोंद ‘हिंदू कोळी’. न्यायालयाने जुन्या शालेय नोंदीला मोठे वजन दिले, दावा फेटाळला आणि पडताळणी समिती, दक्षता पथक यांची पंधरा कलमी कार्यपद्धती घालून दिली. २८ नोव्हेंबर २००० रोजी घटनापीठाने हलबा-कोष्टी प्रकरणात आणखी एक दार लावले: यादीत जे लिहिले आहे तेच वाचायचे, अमुक पोटसमूह त्यात येतो असा पुरावा घ्यायचा नाही. मात्र पंधरा वर्षांपूर्वी प्रवेश घेऊन डॉक्टर झालेल्या, त्या प्रकरणातल्या तरुणाची पदवी न्यायालयाने काढून घेतली नाही.

ही सवलत पुढे आटली. जातपडताळणीचा राज्याचा २००१चा तेविसावा कायदा १८ ऑक्टोबर २००१पासून लागू झाला. त्याचे आठवे कलम सिद्धतेचा भार दावा करणाऱ्यावर टाकते आणि दहावे कलम दावा अवैध ठरल्यावर मिळालेले लाभ, पदवीसुद्धा, काढून घेते. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ जुलै २०१७च्या निकालाने ते कडकपणे लागू केले. कायद्याच्या हेतूशी मी सहमत आहे. तरीही एक विसंगती डोळ्यांत खुपते. भार अर्जदारावर, पण ज्या कागदांनी तो उतरवायचा ते शाळेत, तहसिलात, अभिलेख कक्षात, म्हणजे शासनाच्याच ताब्यात. वाळवीने रजिस्टर खाल्ले तर त्याची किंमत अर्जदार चुकवतो.

कागद मुका राहिला की दुसरी कसोटी येते, आप्तभावाची. कुलदैवत कोणते, लग्नात कोणते विधी, मर्तिकात काय करतात, बोली कोणती, असे प्रश्न दक्षता पथक विचारते. जळगावात दोन पिढ्या राहिलेल्या, वडील शिक्षक असलेल्या मुलीला ही उत्तरे कुठून येणार? २०११च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच अडचण मान्य केली: स्थलांतर, आधुनिकता आणि इतर समाजांशी संपर्क यांमुळे चालीरीती बदलतात. दुसरीकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००९मध्ये या कसोटीला पडताळणीचा अविभाज्य भाग म्हटले होते, आणि त्यालाही कारण होते. ‘ठाकूर’ हे नाव पुढारलेल्या जातींतही आढळते. नुसत्या नामसाम्यावर जमात कशी मानायची?

हा तिढा २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सोडवला. अपील होते आदिवासी ठाकूर जमातीच्या स्वरक्षण समितीचे. निकाल असा: आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी नाही. प्रत्येक प्रकरण दक्षता पथकाकडे पाठवणे सक्तीचे नाही. अर्जदाराच्या कागदांनी समितीचे समाधान झाले नाही, तरच ते पाठवायचे. त्याच वर्षी जुलैमध्ये माना जमातीच्या एका एमबीबीएस विद्यार्थिनीला १९२४ सालच्या पूर्वजांच्या नोंदीने तारले. ज्यांच्याकडे स्पष्ट नोंद आहे, त्यांचा मार्ग यामुळे मोकळा झाला. ‘हिंदू कोळी’ मात्र तिथेच राहिले, कारण तिथे कागद आहे, स्पष्टता नाही.

याच २०२३ सालच्या २९ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या प्रकरणात प्रवेशासाठी वंशाचा विचार करण्याची पद्धत मोडीत काढली. तिथे विद्यार्थी आपला वंश स्वतः अर्जात लिहीत असे, त्याच्या आजोबांच्या शाळेचा दाखला कोणी मागत नसे. भांडण होते ते वंश विचारात घ्यावा की नाही याचे. आपल्याकडे आरक्षणाचा पाया घटनेत आहे. भांडण आहे ते त्या आरक्षणाचा हक्कदार कोण याचे, आणि म्हणून ते अभिलेख कक्षात लढले जाते.

आणि तिथे ज्यांचा आवाजच पोचत नाही, त्यांचाही विचार केला पाहिजे. राज्यात अनुसूचित जमातींसाठी सात टक्के जागा आहेत. शंभर जागांच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात राज्याच्या वाट्याच्या पंच्याऐंशीपैकी त्या सहाच्या आसपास येतात. एक जागा चुकीच्या हाती गेली तर धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर किंवा चोपड्याच्या डोंगरातला कोणी पावरा वा भिल्ल मुलगा यादीबाहेर राहतो. त्याच्या पणजोबांचे नाव कोणत्याच शाळेच्या रजिस्टरात नाही, कारण शाळाच नव्हती. त्याची जमात गावाला, तालुक्याला ठाऊक असते, पण घटनापूर्व कागद दाखवा म्हटले तर तोही रिकाम्या हाताने उभा राहतो. म्हणजे जुन्या नोंदीचा निकष, जपून वापरला नाही, तर ज्यांच्या घरी आधी अक्षर पोचले त्यांच्याच बाजूला झुकतो. यावल-रावेरच्या तडवी भिल्लांची गोष्ट आणखी वेगळी. ते मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. तेव्हा धर्माच्या शब्दावरून जमातीबद्दल काहीच ठरत नाही. ‘धर्म व जात’ या एकाच रकान्यात लिहिणाऱ्याने नेमके काय टिपले, हे इथेही तपासावे लागते.

बनावट नोंदींचा प्रश्न खरा आहे. ‘कोळी’च्या मागे वेगळ्या शाईत, वेगळ्या हातात ‘टोकरे’ बसवल्याची प्रकरणे दक्षता अहवालांत आणि औरंगाबाद खंडपीठाच्या निकालांत आली आहेत. असा एक शब्द दोन माणसांवर अन्याय करतो: ज्याची जागा गेली त्याच्यावर, आणि ज्याची खरी नोंद आता संशयाने पाहिली जाईल त्याच्यावर.

माझे मत स्पष्ट आहे. जिथे नोंद ठळक आणि निर्दोष, तिथे समितीने दावा मान्य करून विषय संपवावा. जिथे खाडाखोड, तिथे कठोर व्हावे. पण जिथे कागद फक्त मोघम आहे, तिथे त्या मौनाला नकार समजू नये आणि होकारही समजू नये. वंशावळ, पितृकुळातल्या नातलगांची वैध प्रमाणपत्रे, गावाची साक्ष, सारे एकत्र तोलावे आणि निकालपत्रात नेमके काय सिद्ध झाले व काय गृहीत धरले ते लिहावे. हे काम प्रवेशफेऱ्यांच्या धावपळीत होत नाही. ते अकरावीतच झाले पाहिजे.

त्याआधी एक काम हाताशी आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हा परिषदांनी १९५०पूर्वीची सर्व शालेय रजिस्टरे आणि गाव नमुना १४च्या वह्या, एकही पान न गाळता, कोऱ्या जागांसकट छायांकित कराव्यात आणि दावेदार व हरकतदार दोघांनाही पाहू द्याव्यात. ज्या शिक्षकांच्या कपाटात अशी वही आज आहे, त्यांनी ती कोणाच्या हाती एकट्याने देऊ नये आणि रद्दीत तर मुळीच घालू नये.