कापूस, धोतर आणि कोंबडी

ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लिश फुटबॉल क्लबचे मालक पुण्यात बसतात, हे फुटबॉल न पाहणाऱ्या पुणेकरालाही ठाऊक असते. ‘आपले वेंकीज’ एवढे म्हटले की काम भागते. नोव्हेंबर २०१० मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या कोंबडीवाल्या कंपनीने सुमारे २ कोटी ३० लाख पौंड मोजून, शिवाय डोक्यावरचे कर्ज उचलून हा क्लब घेतला, तेव्हा सगळ्यांना ती जगावेगळी सोयरीक वाटली. कुठे लँकेशायर, कुठे पुणे! माझ्या मते ही जुन्या नात्यातलीच सोयरीक आहे. त्या नात्याचा धागा आमच्या मावळातून, खंडाळ्याच्या घाटातून गेलेला आहे, आणि तो कापसाचा आहे.

१८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता झाला. तरीही दख्खनचा पुष्कळसा कापूस बैलांच्या पाठीवरून, तांड्यांनी खाली उतरत असे. वाटेत धूळ, काडीकचरा, गोठणीवरची माती असे सगळे गाठोड्यात शिरायचे, आणि पाऊस गाठला तर माल भिजायचा. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना ते सलत होते. त्यांचा सारा धंदा अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर टांगलेला होता, आणि दुसरा दोर हाताशी असावा असे त्यांना फार वाटे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेची कल्पना ज्याने चिकाटीने लावून धरली, त्या जॉन चॅपमनने १८५१ मध्ये हिंदुस्थानच्या कापसावर एक पुस्तकच लिहिले. त्याचे सांगणे थोडक्यात असे: कापूस आहे, वाट नाही.

वाट करायला सह्याद्री फोडावा लागणार होता. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी १८५८ मध्ये आली. खाली खोपोलीपर्यंत त्याआधीच पोचली होती. मधला घाट उतारू पालखीतून नाहीतर तट्टावरून पार करत. घाटाचे काम १८५६ च्या सुरुवातीला निघाले. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढायचे, २५ बोगदे खणायचे, दऱ्यांवर उंच कमानी उभ्या करायच्या. एका कड्यावर तर गाडीला वळायलाही जागा नव्हती. तिथे रिव्हर्सिंग स्टेशन करून इंजिन मागचे पुढे घ्यावे लागे, आणि ही कसरत १९२९ पर्यंत चालली. १८६१ मध्ये या कामावर एका वेळी ४२,००० माणसे होती. पटकीने त्यातली किती गेली याचा धड हिशेब कोणी ठेवला नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही आठवड्यांतच आजाराने वारला. त्याची बायको ॲलिस बोट पकडून परत गेली असती तर कोणी नावे ठेवली नसती. तिने कंत्राट स्वतःच्या नावावर घेतले, ॲडमसन आणि क्लाउसर या अभियंत्यांना हाताशी धरले आणि घाट पुरा करून दिला. लोणावळ्यात आजही तिच्या नावाचा एखादा चौक असायला हरकत नाही.

एप्रिल १८६३ मध्ये घाटाचा समारंभ झाला तेव्हा अमेरिकेतले यादवी युद्ध ऐन भरात होते. दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या आरमाराने अडवली होती आणि लँकेशायरमध्ये माग बंद पडले होते. १८६२ च्या हिवाळ्यात तिथली जवळजवळ पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर होती, आणि ब्लॅकबर्न हे विणकरांचे गाव त्यात सापडलेले होते. मुंबईत त्याच वेळी कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या भोवती पैशाचा पाऊस पडत होता. म्हणजे एकीकडची चूल विझली की दुसरीकडे दिवाळी, असा हा व्यवहार.

मुंबई बंदरातून जाणाऱ्या सगळ्या कापसाला लँकेशायरमध्ये ‘सुरत’ म्हणत, मग तो बार्शीचा का असेना. तिथल्या विणकरांचा त्याच्यावर भारी राग. आखूड धागा, सारखा तुटणारा, तो जोडताना अंगावरचे काम मागे पडायचे आणि मजुरी कापली जायची. यावर गिरणीवाल्यांनी एक युक्ती केली, आणि तिचा त्रास पुढे आपल्याच लोकांना झाला. ताणा तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. या खळीत त्यांनी चिनी माती मिसळायला सुरुवात केली, आणि धागा टिकवण्याच्या निमित्ताने कापडाचे वजनही वाढवून घेतले. ठणठणीत, जाड वाटणारे कापड पहिल्या धुण्यात माती सोडून लुळे पडे, नाहीतर बोटीतच दमटपणाने त्यावर बुरशी चढे. ब्लॅकबर्न या मातकट मालासाठी चांगलेच बदनाम होते. त्या गावाचे खास उत्पादन होते धोतर. रंगीत काठाच्या धोतरजोड्या तिथले माग विणत आणि त्या हिंदुस्थानात येत. आपलाच कापूस घाट उतरून जाई, आणि चिनी मातीसकट धोतर होऊन घाट चढून परत येई.

आता फुटबॉल. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतल्या बायकांना आणि पोरांना शनिवारी दुपारी दोनला सोडणे भाग पडले. बायका-पोरे गेली की माग चालत नाहीत, त्यामुळे पुरुषही सुटत. घरी जाऊन चार घास खाल्ले की तीन वाजता माणूस मोकळा. इंग्लंडात आजही शनिवारचा सामना तीनला सुरू करण्याची रीत आहे, तिचे मूळ हे असे गिरणीच्या भोंग्यात आहे. ५ नोव्हेंबर १८७५ ला ब्लॅकबर्नच्या सेंट लेजर हॉटेलात जॉन लुईस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन यांनी मंडळी जमवली आणि क्लब काढला. दोघेही श्रूजबरीच्या नामांकित शाळेतून आलेले, खाऊनपिऊन सुखी घरचे. सुरुवातीला स्वतःचे मैदान नव्हते. पुढे ऊझहेडला एका शेतातली जागा मिळाली, तिच्या मध्यभागी गुरांना पाणी पाजायचे डबके होते. त्यावर फळ्या टाकून, वर हिरवळीचे तुकडे बसवून ही मंडळी खेळत.

खेळ साहेबांच्या पोरांचा, पण पोट भरलेल्यांचा खेळ फार दिवस तसाच राहत नाही. शेजारच्या डार्वेन गावच्या संघात १८७८ च्या सुमारास स्कॉटलंडहून जिमी लव्ह आणि फर्गस सूटर आले. सूटर मूळचा पाथरवट. इंग्लंडातला दगड फार कठीण म्हणून ते काम सोडले, असे कारण त्याने दिले. मग खात काय होता? सगळ्यांना ठाऊक होते, कोणी बोलत नव्हते. नियमाने खेळाडूला पैसे देणे बंद होते. १८८० मध्ये सूटर डार्वेन सोडून रोव्हर्सकडे आला तेव्हा डार्वेनवाल्यांचा जो संताप झाला, त्यावरून आकडा बरा असणार. लंडनच्या सभ्य गृहस्थांचे म्हणणे असे की पैसे घेऊन खेळणे हलकेपणाचे. ज्याची शनिवारची मजुरी बुडत नाही त्याला असे बोलणे परवडते. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या गावातल्याच दुसऱ्या क्लबने ओल्ड इटोनियन्सना २-१ ने हरवून एफए कप उत्तरेत आणला. त्या संघात विणकर आणि लोखंड-कामगार होते. त्यानंतर दोन वर्षांनी, जुलै १८८५ मध्ये, खेळाडूला मोबदला देणे अधिकृत झाले. व्यावसायिक फुटबॉल आज जगभर आहे, पण त्याचा पाळणा हलला तो या चार-पाच मैलांच्या टापूत.

रोव्हर्सने १८८४, १८८५ आणि १८८६ असा सलग तीनदा कप घेतला, १८९० आणि १८९१ मध्ये पुन्हा. १८८८ मध्ये फुटबॉल लीग निघाली तिच्या पहिल्या बारा क्लबांत ते होते. १८९० पासून ईवुड पार्क हे त्यांचे घर. या चढत्या काळाशेजारी मला दुसरी एक वही ठेवावीशी वाटते. रोव्हर्स पहिल्यांदा कपाच्या अंतिम सामन्यात उतरले (आणि हरले) ते १८८२ मध्ये. त्याच वर्षी, लँकेशायरच्या दबावाने, हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावरची आयात जकात पुरती उठवली गेली. १९१२ आणि १९१४ मध्ये रोव्हर्स लीगचे विजेते झाले. १९१३ हे लँकेशायरच्या कापडाचे शिखराचे वर्ष, हिंदुस्थानात त्या वर्षी सुमारे ३०० कोटी वार कापड उतरले. यावरून धोतरांनी सामने जिंकले असे कोणी म्हणू नये. पण तिकिटाचे पैसे देणाऱ्याच्या खिशात ते कुठून आले, हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

इकडे उलटा वारा सुटलाच होता. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. मावळात स्वदेशीचे सर्वांत ठळक चिन्ह तळेगाव दाभाड्याला उभे राहिले, १९०८ मध्ये, पैसा फंडाच्या काच कारखान्याच्या रूपाने. अंताजी दामोदर काळे घरोघर, जत्राजत्रांतून एकेक पैसा गोळा करत हिंडले आणि टिळकांनी त्यांच्यामागे वजन उभे केले. तिथे काच होत होती, कापड नव्हे, पण मनात बसलेली गोष्ट तीच. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत विलायती कापडाच्या ट्रकपुढे पडून जीव देणारा बाबू गेनू पुणे जिल्ह्यातलाच, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा.

सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी लँकेशायरला जाऊन आले. उतरले डार्वेनच्या स्प्रिंग व्हेल भागात. ईवुड पार्क तिथून तीन-चार मैल. ज्यांच्या पोटावर बहिष्काराने पाय आला होता त्याच गिरणीकामगार बायका त्यांच्याभोवती हसत, आरोळ्या ठोकत उभ्या आहेत, असे एक छायाचित्र आहे. गांधीजींनी त्यांना गोड बोलून फसवले नाही. तुमची बेकारी मला दिसते, पण आमच्याकडची उपासमार फार मोठी आहे, असा त्यांचा सूर होता. ब्लॅकबर्नच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. क्लबने १९२८ मध्ये एक शेवटचा कप जिंकला आणि १९३६ मध्ये इतिहासात प्रथमच पहिल्या विभागातून खाली घसरला.

मधली पन्नासेक वर्षे मी भराभर उलटतो, कारण सांगण्यासारखे फारसे घडले नाही. १९९१ मध्ये जॅक वॉकर हा गावचाच पोलादवाला क्लबचा मालक झाला. आपला धंदा त्याने ब्रिटिश स्टीलला ३३ कोटी पौंडांना विकला होता. व्यवस्थापक म्हणून केनी डॅल्ग्लिश आला, मोठी रक्कम मोजून ॲलन शिअरर आला, आणि १४ मे १९९५ ला रोव्हर्स लिव्हरपूलकडून हरूनही प्रीमियर लीगचे विजेते ठरले, कारण त्याच दुपारी मँचेस्टर युनायटेडला जिंकता आले नाही. २००० मध्ये वॉकर वारला. त्याच्या विश्वस्तांनी दहा वर्षे क्लब सांभाळला आणि मग गिऱ्हाईक शोधले.

गिऱ्हाईक पुण्यात मिळाले. वेंकीज ज्या समूहातली, त्या व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये केली. अंड्याला व्यापारी ठरवेल तो भाव, ही पद्धत मोडण्यासाठी १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी करणारेही तेच. १९९६ मध्ये ते गेल्यावर कन्या अनुराधा देसाई आणि मुलगे व्यंकटेश व बालाजी यांनी व्याप वाढवला. मावळात या धंद्याची चाल वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पवनेकाठी जा नाहीतर नाणे मावळात, भातखाचरांच्या वर पत्र्याची लांब शेडे दिसतातच. करारात कंपनी पिल्लू, खाद्य आणि औषध देते, शेतकरी शेड, वीज, पाणी आणि झोप देतो, आणि सहा आठवड्यांत बॅच उचलली की किलोमागे ठरलेले पैसे. त्यात जोखीम कोणाची, हा वाद इथे नेहमीचाच.

ब्लॅकबर्नमध्ये नव्या मालकांनी महिन्याभरात सॅम ॲलर्डाइससारखा अनुभवी व्यवस्थापक काढला आणि स्टीव्ह कीन या साहाय्यकाला त्या जागी बसवले. खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत बसून कोंबडीच्या तंगड्या खात आहेत, अशी जाहिरातही निघाली. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्याला आला, बालेवाडीत पुणे एफसीला ३-० ने हरवून गेला. तिकडे लीगमध्ये मात्र बुडत होता. ७ मे २०१२ च्या रात्री ईवुड पार्कवर विगनकडून हरून रोव्हर्स प्रीमियर लीगबाहेर पडले. त्या सामन्यात कोणीतरी क्लबच्या निळ्या-पांढऱ्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. निषेध इतका नेमका मी दुसरा पाहिलेला नाही. पुढच्या हंगामात व्यवस्थापक हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला, मायकल ॲपलटन ६७. कोंबडीची बॅच निदान ठरलेल्या दिवसापर्यंत तरी शेडात राहते.

न्यायाने सांगायचे तर मालक पळाले नाहीत. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या पायरीवर घसरला, २०१८ मध्ये टोनी मोब्रेच्या हाताखाली वर आला, आणि दर वर्षीची तूट पुण्याहून भरली जात राहिली. आजवर २० कोटी पौंडांहून अधिक ओतले गेले. १९९५ च्या आठवणीवर जगणाऱ्या पाठीराख्यांना एवढ्याने समाधान नाही, आणि तेही मला समजते. मालक सामन्याला येत नाहीत, बोलत नाहीत, ही त्यांची पैशाहून मोठी तक्रार. दरम्यान गावच बदलले आहे. १९५०-६० च्या दशकांत उरल्यासुरल्या गिरण्यांच्या रात्रपाळीला माणसे मिळेनात, तेव्हा भरूच-सुरतकडची कुटुंबे तिथे गेली आणि राहिली. त्यांच्या नातवंडांनी मे २०२२ मध्ये ईवुड पार्कच्या हिरवळीवर ईदची नमाज पढली. ब्रिटनमधल्या कुठल्याही फुटबॉल क्लबच्या मैदानावरची ती पहिली.

मग भारतातून पैसे पाठवणेच अवघड झाले. एका चौकशीमुळे प्रत्येक हप्त्यासाठी कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि वर बँक हमी अशा अटी आल्या. तिजोरी आटली की क्लब घरचे पोर विकतो. ॲडम व्हॉर्टन हा ब्लॅकबर्नचाच जन्माचा, सहाव्या वर्षापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला. फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशी तो १ कोटी ८० लाख पौंडांना क्रिस्टल पॅलेसला गेला आणि जूनमध्ये इंग्लंडच्या संघातून युरो स्पर्धेला.