भाडेतट्टू : कऱ्हाटीच्या घोड्यापासून महाबळेश्वरच्या मोटारीपर्यंत

१/ ‘भाडेतट्टू’ हा मराठीतला जुना टोमणा आहे. पैशासाठी दुसऱ्याचे ओझे वाहणारा, स्वतःचे मत नसलेला माणूस असा त्याचा अर्थ. परंतु हा शब्द शिवी होण्यापूर्वी ते एका खऱ्या जनावराचे वर्णन होते, आणि त्या जनावरामागे रस्ते, घाट, दुष्काळ आणि माणसाची पाठ यांचा मोठा इतिहास आहे.

२/ मे महिन्यात महाबळेश्वरसाठी भाड्याची मोटार ठरवणारा पर्यटक काही ठरावीक प्रश्न विचारतो. दर काय? अनामत किती? मोडतोड झाल्यास भरपाई कोणाची? घाटाचे पैसे वेगळे का? यांतील एकही प्रश्न मोटारीच्या काळात जन्मलेला नाही. माणूस दुसऱ्याच्या वाहनावर बसून डोंगर चढू लागला, तेव्हापासून ते विचारले जात आहेत.

३/ या इतिहासाची एक सुरुवात कऱ्हाटीत होते. पुरंदरात उगम पावणारी कऱ्हा नदी जेजुरी, मोरगाव असे करीत बारामतीस येते आणि पुढे सोनगावाजवळ नीरेस मिळते. नीरा इंदापूर तालुक्यात नीरा-नरसिंहपूर येथे भीमेस मिळते. पाऊस कमी, माळ विस्तीर्ण, चारा राकट. अशा भूमीत काटक जनावरच तग धरते.

४/ ते जनावर म्हणजे भीमथडीचे तट्टू. भीमा आणि नीरा या नद्यांच्या थडीवर निपजलेले हे घोडे ठेंगणे, चिवट आणि अल्प चाऱ्यावर दूरची मजल मारणारे होते. मराठा घोडदळाच्या वेगवान हालचालींचा मोठा भार या जातीने वाहिला. ब्रिटिश काळात पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता आणि बारामती त्यात होती.

५/ मराठा फौजेत घोड्याच्या मालकीवरून स्वाराचा दर्जा ठरे. बारगिरास घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून अथवा पथकाच्या धन्याकडून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. म्हणजे बारगीर दुसऱ्याच्या घोड्यावर बसलेला, तर शिलेदार घोड्यासह स्वतःला चाकरीस लावणारा. शिवकाळात पागेला प्राधान्य होते. पेशवाईत शिलेदारांचे प्रमाण वाढले.

६/ शिलेदाराची खरी पुंजी म्हणजे त्याचा घोडा. तो लढाईत पडला, तर स्वार उघड्यावर आला. म्हणूनच लढाईत कामी आलेल्या घोड्याची भरपाई हा चाकरीच्या करारातला कळीचा मुद्दा असे. ब्रिटिशांनी हीच शिलेदारी पद्धत आपल्या देशी घोडदळात चालू ठेवली. मेलेल्या घोड्याच्या जागी नवा घेता यावा, यासाठी स्वार एका सामाईक निधीत वर्गणी भरत. मोटारीच्या विम्यामागेही हीच कल्पना आहे. ही पद्धत पहिल्या महायुद्धानंतर संपली.

७/ १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हजारो स्वारांची चाकरी गेली. युद्धाची मागणी संपल्यावर भीमथडीच्या पैदाशीचीही रया गेली. जे तट्टू स्वाऱ्यांवर जात होते, त्याच्या वाट्यास धान्याच्या गोणी, व्यापाऱ्याचा माल आणि प्रवाशांचे बिछाने आले.

८/ या प्रदेशातील शेतकऱ्याची स्थितीही बिकट होत गेली. सावकारांविरुद्धचा प्रसिद्ध उद्रेक १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्याच सुपे येथे सुरू झाला. पाठोपाठ १८७६–७८ चा भीषण दुष्काळ आला आणि गुरेढोरे मोठ्या प्रमाणावर दगावली. कर्जात बुडालेल्या घरात गाडी-बैल किंवा तट्टू भाड्याने लावणे हा हौसेचा धंदा नव्हता. तो जगण्याचा आधार होता.

९/ याच शतकात पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या माथ्यावर, एक नवे महागडे गिऱ्हाईक तयार झाले होते. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ मध्ये महाबळेश्वरास आरोग्यस्थान वसविण्याचे काम हाती घेतले. १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार होऊन, वाईकडील खंडाळा गावाच्या बदल्यात डोंगरावरील जागा कंपनीस मिळाली. नव्या पेठेस माल्कमचे नाव लागले.

१०/ बारामतीची उंची सुमारे साडेपाचशे मीटर, वाईची सुमारे सातशे, तर महाबळेश्वरची जवळजवळ १,४०० मीटर. पुण्याहून अंतर अवघे १२० किलोमीटर. परंतु खरा प्रवास वाईनंतरच सुरू होई. पसरणीचा घाट, मग पाचगणी, मग माथा. येथे मैलांचा हिशेब निरुपयोगी ठरे. चढावर गाडीस जादा बैल जोडावे लागत, तट्टे बदलावी लागत, माणसे वाढवावी लागत. डोंगरातले भाडे अंतराने ठरत नाही, चढाने ठरते.

११/ साधनेही ऐपतीप्रमाणे होती. सामान बैलगाडीत, कुटुंब धमणीत, तरुण साहेब घोड्यावर आणि मडमा व आजारी माणसे पालखीत. कोकणातून येणाऱ्यास प्रतापगडाच्या बाजूने रडतोंडीचा घाट चढावा लागे. त्या नावातच चढणीचे वर्णन आले. १८७६ मध्ये फिट्झगेराल्ड घाट, म्हणजे आजचा आंबेनळी घाट, खुला झाल्यावर त्या बाजूनेही चाके माथ्यावर पोहोचली.

१२/ पालखीच्या प्रवासासाठी ‘डाक बसवावी’ लागे. वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर ताज्या दमाचे भोई हजर राहावेत, म्हणून आगाऊ वर्दी आणि आगाऊ पैसे द्यावे लागत. प्रवाशामुळे उशीर झाल्यास त्याचे पैसे कापून घेता यावेत, यासाठी ब्रिटिश हिंदुस्थानात वेगळी अनामतही घेत आणि उशीर न झाल्यास ती परत करीत. गाडी वेळेत परत न केल्यास अनामतीतून रक्कम कापली जाते, त्या नियमाचा हा पूर्वज.

१३/ ज्या रस्त्यांवरून ही हौस वर जात होती, ते कोणी बांधले? महाबळेश्वरास चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. पूर्वेकडील ब्रिटिश वसाहतींतून आणलेल्या या कैद्यांनी गिरिस्थानावरील बरेच रस्ते तयार केले आणि भाजीपाल्याचे मळेही पिकवले. तो तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. रस्ते राहिले; ते करणाऱ्यांची नावे मागे राहिली नाहीत.

१४/ येथे ‘वेठ’ या शब्दाकडे वळावे लागते. सरकारी दौऱ्यांचे ओझे गावाने वाहून द्यावे, ही वहिवाट पेशवाईत होती आणि कंपनीच्या राज्यातही ती पुरती सुटली नाही. त्याचा सर्वाधिक भार महार समाजावर वतनाच्या नावाखाली पडे. याच वतनी गुलामगिरीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले.

१५/ वेठीच्या तुलनेत भाडे ही मुक्तीच होती. भाड्यात दर असतो, मुदत असते, आणि मुख्य म्हणजे नकार देता येतो. “आज तट्टू थकले आहे, नेणार नाही,” असे भाडेकरी म्हणू शके. वेठकरी म्हणू शकत नसे. ‘भाडेतट्टू’ ही शिवी ज्यांना घोडा भाड्याने लावावा लागत नव्हता, त्यांना सहज सुचली असावी.

१६/ १८९० च्या सुमारास पुण्याहून दक्षिणेस जाणारी रेल्वे वाठार स्थानकावरून धावू लागली आणि प्रवासाचे गणित बदलले. वाठारला उतरून टांग्याने सुमारे ६० किलोमीटरवरील महाबळेश्वर गाठता येई. दोन तट्टांचा बुटका टांगा, ठरावीक टप्प्यांवर जोडी बदलणे, आणि घाटात जनावरांच्या तोंडाला येणारा फेस. प्रवाशाचा वेळ वाचत होता, तो तट्टांच्या दमावर.

१७/ विसाव्या शतकात मोटारी आल्या आणि टांगे मागे पडले. पुढे १९८९ च्या केंद्रीय योजनेने चालकाविना मोटार भाड्याने देण्यास नियमांची चौकट दिली. अशा गाड्यांच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. घाटात भेटणारी ती पाटी जणू सांगते की बसणारा मालक नाही. जुन्या भाषेत, तो बारगीर आहे.

१८/ मात्र सगळीकडे चाकांनी पाठीची जागा घेतली नाही. ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानच्या डोंगरावर चढला आणि तेथे गिरिस्थान उभे राहिले. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या उद्योगाने नेरळहून छोटी रेल्वे वर गेली. मोटारींना गावात बंदी असल्याने घोडे आणि माणसांनी ओढायच्या रिक्षा तेथे एकविसाव्या शतकातही राहिल्या.

१९/ ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, ही त्यामागची भूमिका. येथे वेठ आणि भाडे यांतली रेषा पुन्हा समोर येते. उपजीविकेचे दुसरे साधनच नसेल, तर नकाराचा अधिकार कागदावरच उरतो. म्हणून जुने साधन बंद करताना ते ओढणाऱ्याच्या हाती नवे देणे, हाच या प्रश्नाचा गाभा आहे.

२०/ आणि भीमथडीचे तट्टू? १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामतीकडे आले, पुढे ऊस आला, माळ आकसले. तरीही हे घोडे टिकले, ते मुख्यतः धनगरांमुळे. दिवाळीच्या आसपास मेंढरांसह कोकणाकडे निघणाऱ्या त्यांच्या वाड्यांत आजही संसार तट्टाच्या पाठीवर असतो. तेथे ते भाड्याचे नसते, घरातले असते. अलीकडेच भीमथडीला घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर अधिकृत मान्यता मिळाली.

२१/ पसरणीच्या घाटात भाड्याची मोटार पहिल्या गिअरमध्ये घुरघुरते, तेव्हा दराच्या पत्रकावर इंधन, विमा आणि अनामत दिसते. एकेकाळी त्याच जागी जादा बैल, बदलीचे तट्टू आणि ताज्या दमाचे भोई होते. चढ तोच आहे. तो कोणाच्या दमावर चढला जातो, आणि त्या दमाचे मोल कोण ठरवतो, हे मात्र प्रत्येक पिढीला नव्याने विचारावे लागते.