थरच्या वाळवंटातील घरबांधणी

उष्ण व कोरड्या प्रदेशात ऊन अडवणे आणि पावसाचे पाणी वर्षभर पुरवणे, ही दोन्ही कामे एकाच आराखड्यातून साधणारी गृहरचना. पश्चिम राजस्थानातील जैसलमेर, बाडमेर, बिकानेर व जोधपूर या भागांत तिची जुनी परंपरा आहे. घर जितके तापते तितके ते थंड ठेवायला पाणी खर्ची पडते. त्यामुळे भिंत, छप्पर आणि अंगण यांची नीट आखणी हीच येथे पाणीबचतीची पहिली पायरी ठरते.

हवामान : जैसलमेर परिसरात वर्षाला सरासरी २०० मिमी.पेक्षा कमी पाऊस पडतो. पूर्वेला अरवलीकडे तो वाढत जातो. बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबरमधल्या मोजक्या दिवसांत येतो. उन्हाळ्यात पारा ४५° से.च्या वर जातो. फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१° से. तापमान नोंदले गेले. उघड्या पाण्याची वाफ होण्याचा वेग पावसाच्या कित्येक पट आहे. अनेक ठिकाणी भूजल खारे किंवा फ्लोराइडयुक्त असल्याने विहीर असली तरी पिण्याच्या पाण्याची हमी नसते. मात्र आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्याने रात्री जमीन झपाट्याने निवते. दिवस व रात्रीच्या तापमानातील ही तफावत घराला उपयोगी पडते.

शहरी घर : जैसलमेरची स्थापना रावळ जैसल याने ११५६ मध्ये केली. तेथील घरे पिवळ्या वालुकाश्माची असून एकमेकांना खेटून उभी आहेत. सामाईक भिंतींमुळे उन्हात येणारा पृष्ठभाग घटतो आणि अरुंद गल्ल्यांवर दिवसाचा बराच वेळ सावली राहते. जाड दगडी भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला कित्येक तास लागतात. तोवर रात्र झालेली असते आणि माणसे गच्चीवर झोपायला गेलेली असतात. जुनी छते लाकडी तुळयांवर गवताच्या चटया व मातीचा जाड थर देऊन केलेली असत. झरोके व जाळ्या वारा आत घेतात, पण ऊन बाहेर ठेवतात. कोरीवकामाच्या उंचसखल पृष्ठाची सावली भिंतीवरच पडते. एकोणिसाव्या शतकातील पटवों की हवेली हे याचे ठळक उदाहरण आहे. जैसलमेरच्या किल्ल्याच्या तटबंदीत दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवले आहेत. अशा कोरड्या रचनेत बांधकामालाही पाणी कमी लागते.

ढाणीतील घर : शेतावरच्या विखुरलेल्या वस्तीला ढाणी म्हणतात. तेथील झोंपा (झोपडी) गोल असतो. भिंत माती, शेण व भुसा यांची आणि छप्पर खींपसारख्या स्थानिक झुडपांच्या काड्यांनी शाकारलेले असते. तेवढ्याच क्षेत्रफळाला गोल घराची भिंत सर्वांत कमी लागते आणि वाळूचा वारा तिला वळसा घालून जातो. शाकारलेल्या छपरावरून पिण्याजोगे पाणी मिळत नाही. म्हणून येथे पाणी गोळा करण्याचे काम अंगणापलीकडची जमीन करते.

टांके : पावसाचे पाणी साठवण्याची ही जमिनीखालची बंद टाकी. ढाणीत तिच्याभोवती उताराची, चोपून टणक केलेली जमीन राखतात. तिला आगोर म्हणतात. पावसाळ्यापूर्वी आगोर झाडून काढतात आणि तेथे गुरे जाऊ देत नाहीत. पाणी जाळीतून व गाळ बसण्याच्या खड्ड्यातून आत जाते. वरचे झाकण वाफ, धूळ व शेवाळ या तिन्हींना आळा घालते. शहरात पक्क्या गच्चीचे पाणी नळाने घरातल्याच टांक्यात उतरवतात. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्थेने (काजरी, १९५९) एका कुटुंबासाठी २१,००० लिटरचे सुधारित टांके विकसित केले.

टांक्याचा हिशेब सोपा आहे. एक चौ. मी. छपरावर एक मिमी. पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. १०० चौ. मी. पक्के छप्पर, २०० मिमी. पाऊस आणि त्यातला ८० टक्के हाती लागला, तर १६,००० लिटर जमतात. पाच माणसांना पिण्यास व स्वयंपाकास दरडोई रोज ८ लिटर धरले, तर हा साठा ४०० दिवस पुरतो. अवर्षणाच्या वर्षासाठी मात्र टांके याहून मोठे हवे, म्हणजे चांगल्या वर्षीचे पाणी पुढे नेता येते.

वापराची शिस्त : थरमध्ये भांडी राखेने किंवा वाळूने कोरडीच घासण्याची रीत आहे. आंघोळीचे पाणी परातीत धरून ते पुन्हा धुण्याला किंवा झाडांना वापरले जाई. आजच्या घरात हेच काम नळजोडणीतून साधता येते : न्हाणीघर व धुण्याचे सांडपाणी संडासाच्या मैलापाण्यापासून वेगळे काढून, खडी व वाळूतून गाळून, झाडांच्या मुळाशी सोडावे. अंगणात हिरवळीऐवजी खेजडी, रोहिडा, बोर, कडुनिंब ही थोड्या पाण्यावर जगणारी झाडे लावावीत. पश्चिमेकडच्या भिंतीला त्यांची सावलीही मिळते.

किल्ल्याचा धडा : जैसलमेरचा किल्ला आजही वसता आहे आणि २०१३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. नळाचे पाणी आल्यावर तेथील वापर वाढला, निचऱ्याची सोय मात्र अपुरी राहिली. पाणी टेकडीच्या पायात मुरून तट व बुरूज खचले. कोरड्या हवेसाठी बांधलेल्या वास्तूत पाणी आणताना ते बाहेर कसे जाईल, हे आधी ठरवावे लागते, हे या हानीने दाखवून दिले.

आधुनिक रचना : जैसलमेरच्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य उन्हाळ्यात क्षितिजापासून सु. ८६° वर, तर हिवाळ्यात सु. ४०° वर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवरचा साधा छज्जा उन्हाळ्याचे ऊन अडवतो व हिवाळ्याचे आत घेतो. पूर्व-पश्चिमेला सूर्य कलता असल्याने छज्जा पुरत नाही. तिथे खिडक्या कमी व लहान ठेवून जाळी किंवा झाडे योजावीत. गच्चीवर चुन्याचा पांढरा लेप किंवा चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसवल्यास उष्णता परावर्तित होते आणि पाणीही स्वच्छ मिळते. भारताच्या इको-निवास संहितेने (२०१८) घराच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली आहे. जैसलमेरजवळच्या कनोई गावातील राजकुमारी रत्नावती कन्याशाळेत (वास्तुरचनाकार डायना केलॉग) स्थानिक वालुकाश्म, जाळी, सौर छत व पर्जन्यजलसंचय एकत्र आणले आहेत. घरांनाही ही जुळणी लागू पडते.

थरमध्ये सर्रास वापरले जाणारे वाळ्याचे कूलर वातानुकूलन यंत्राच्या मानाने वीज वाचवतात, पण दिवसाला कित्येक बादल्या पाणी वाफेत घालवतात. भिंत व छप्पर नीट असेल तर कूलर कमी तास चालतो आणि तेवढे पाणी टांक्यात राहते. म्हणून वाळवंटात घर बांधताना गच्चीवर वर्षाला किती पाणी पडेल आणि त्यातले घर थंड ठेवण्यावर किती जाईल, हा हिशेब खोल्यांच्या आखणीआधी व्हायला हवा.