जिंदा तिलिस्मात
जिंदा तिलिस्मात : निलगिरी तेलावर आधारलेले, हैदराबादेत तयार होणारे युनानी पद्धतीचे वनस्पतिजन्य औषध. हकीम मोहम्मद मोईजुद्दीन फारुकी यांनी १९२० मध्ये त्याची निर्मिती सुरू केली. ग्रीक वैद्यकातून निघालेली आणि इब्न सीना प्रभृतींनी विस्तारलेली परंपरा (→ युनानी वैद्यक) निजामांच्या राजाश्रयाने हैदराबादेत रुजली. चारमिनारलगतचे निजामिया रुग्णालय हे तिचे प्रमुख केंद्र.

निलगिरी तेलाखेरीज या औषधात कापूर, मेंथॉल व ओव्यातही आढळणारे थायमॉल असते. रंग रतनजोताच्या मुळांचा. सर्दी, खोकला, डोकेदुखी, पोटदुखी यांवर ते चोळतात, त्याची वाफ घेतात किंवा काही थेंब गरम पाण्यातून पितात. निलगिरी (→ निलगिरी) मूळची ऑस्ट्रेलियातील; जुन्या परंपरेने परका वृक्ष इतक्या सहज आपलासा करावा, हे विशेष नोंदण्याजोगे. वेष्टनावरील सिद्दी पुरुषाचे चित्र निजामाच्या आफ्रिकी रक्षकदलाशी जोडले जाते (→ सिद्दी).

१९४८ पर्यंत निजाम राज्यात असलेल्या मराठवाड्यातही हे औषध परिचित आहे. थायमॉलचा जंतुनाशक गुण आधुनिक रसायनशास्त्रालाही मान्य आहे. मात्र निलगिरी तेल जास्त प्रमाणात पोटात गेल्यास, विशेषतः लहान मुलांना, विषबाधा होते. युनानी औषधांचे संशोधन हैदराबादेतील केंद्रीय संस्थेत चालते. तिचा भर कोडासारख्या त्वचाविकारांवर आहे.