प्रदेशाभ्यास आणि शब्दांची साक्ष

आंतरराष्ट्रीय व सार्वजनिक व्यवहारांचे संशोधन एकाच विद्याशाखेच्या कक्षेत मावत नाही, हे मत आता बहुमान्य झाले आहे. परंतु अनेक शास्त्रे एका छपराखाली आणली म्हणजे त्यांचा खरा संयोग होतो काय, आणि त्यांत भाषेचे स्थान कोणते, हे प्रश्न उरतातच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या इतिहासावरून त्यांचा काहीसा उलगडा होतो.

ह्या विद्यापीठात १९४८ मध्ये दक्षिण आशियाच्या प्रादेशिक अभ्यासाचा विभाग निघाला. त्याचे प्रवर्तक डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन (१८९२–१९७५) हे मूळचे संस्कृतज्ञ होत. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन सरकारच्या गुप्तवार्ता संघटनेत संशोधनाचे काम केले होते. वर्तमान हिंदुस्थानचे जाणकार आपल्याकडे किती थोडे आहेत, हे त्या युद्धाने अमेरिकेस दाखवून दिले. ब्राउन ह्यांनी प्राच्यविद्येस अर्थशास्त्र, राज्यशास्त्र व भाषाशास्त्र ह्यांची जोड दिली. पुढे १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला, आणि १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने परकीय भाषांच्या अध्यापनास सरकारी पैसा मिळू लागला. कायद्याच्या नावातच त्याचा हेतू स्पष्ट होतो. भाषा येथे शिरली ती राज्याच्या गरजेचे साधन म्हणून. १९६५ मध्ये ह्याच विद्यापीठाने कवडी व साउथवर्थ ह्यांचे बोलभाषेतील मराठीचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले, तेही ह्याच काळात.

तथापि साधन म्हणून आलेली भाषा तेवढ्यावरच थांबत नाही. एलिनॉर झेलियट ह्यांनी १९६९ मध्ये ह्याच विद्यापीठास डॉ. आंबेडकर व महार चळवळ ह्या विषयावर प्रबंध सादर केला. त्यासाठी मराठी साधनांचा आधार अपरिहार्य होता. ह्याचे कारण भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘अस्पृश्य’ हे विध्यर्थी धातुसाधित होय. स्पर्शाची अयोग्यता ते त्या माणसाच्याच ठायी कल्पिते. ‘बहिष्कृत’ हे कर्मणि भूतकालवाचक होय. कोणी तरी बाहेर घातले, हा आरोप त्यात गर्भित आहे. १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेने आणि १९२७ च्या ‘बहिष्कृत भारत’ पत्राने हाच शब्द स्वीकारला, हा योगायोग नव्हे. ‘दलित’ ह्या शब्दाची घडणही तशीच आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाल्यावर तो सर्वतोमुखी झाला. केवळ इंग्रजी कागदपत्रे वाचणाऱ्या राज्यशास्त्रज्ञास येथे एकच समाजगट दिसेल. कर्त्याकडे बोट दाखविणारे हे व्याकरण त्याच्या दृष्टीस पडणार नाही.

प्रबंधाच्या नावाचा प्रवासही बोलका आहे. २०१३ मध्ये तो ‘आंबेडकर्स वर्ल्ड’ ह्या नावाने ग्रंथरूपाने आला तेव्हा उपशीर्षकात ‘महार’च्या जागी ‘दलित’ हा शब्द होता. ज्यांचा अभ्यास चालला होता त्यांनी स्वतःसाठी निवडलेले नाव अभ्यासाच्या मुखपृष्ठावर पोहोचले.

ह्यावरून एवढे म्हणता येईल की, आंतरविद्याशाखीय संशोधनाची कसोटी सहभागी शास्त्रांच्या संख्येत नाही. अभ्यासविषय झालेल्या माणसांच्या शब्दांना पुरावा म्हणून स्थान मिळते की केवळ भाषांतराचा कच्चा माल म्हणून, ह्यावर ती अवलंबून आहे. आपल्या विद्यापीठांतही भाषाविभाग व राज्यशास्त्रविभाग बहुधा एकमेकांपासून अलिप्तच राहतात. मराठी साधने तर आपल्या हाताशीच आहेत. तेव्हा दूरत्वाची सबब आपणास सांगता येणार नाही.