यंत्रे परक्यांची, देखभाल आपली : आयबीएमच्या निर्गमनापासून क्लाउडपर्यंत

१/ हिशेब दूरच्या संगणकावर ठेवला की जवळच्या तंत्रज्ञाची गरज संपते, असा समज क्लाउडच्या आगमनापासून अनेक व्यावसायिकांत रूढ झाला आहे. या समजाची कसोटी भारतात १९७८ सालीच लागली होती. त्या प्रसंगाचा आणि त्याच्या आजच्या अर्थाचा हा धागा.

२/ साठ-सत्तरच्या दशकांत भारतातील संगणकविश्वावर आयबीएमचे वर्चस्व होते. कंपनी आपली यंत्रे बहुधा विकत नसे, भाड्याने देई. १४०१ हे त्यांतील गाजलेले यंत्र. अभियंता कंपनीचा, सुटे भागही कंपनीचे. यंत्राच्या अंतरंगात डोकावण्याचे ग्राहकाला कारणच पडत नसे.

३/ ज्यांना स्वतंत्र यंत्राचे भाडे परवडत नसे, त्यांच्यासाठी ‘सर्व्हिस ब्यूरो’ होते. आपली माहिती तेथे न्यायची आणि छापील पगारपत्रके घेऊन परतायचे. संगणक दुसऱ्याचा, काम आपले, मोल वापरापुरते. आजच्या क्लाउडचा व्यवहार याच सूत्रावर चालतो.

४/ १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा, अर्थात ‘फेरा’, १ जानेवारी १९७४ पासून अमलात आला. त्यानुसार बहुतेक परकीय कंपन्यांना भारतीय व्यवसायातील आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणणे भाग होते. आयबीएमला मात्र पूर्ण मालकी हवी होती.

५/ जनता पक्षाच्या राजवटीत, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, तडजोड निघाली नाही. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातील कारभार आटोपला. कंपनी गेली, यंत्रे मात्र येथेच राहिली. रेल्वेपासून कारखान्यांपर्यंत अनेकांचे हिशेब त्यांवर चालत होते. उद्या एखादे बंद पडले, तर बोलवायचे कोणाला?

६/ या प्रश्नाचे उत्तर आधीच तयार होते. सरकारने डिसेंबर १९७५ मध्ये ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ स्थापन केली होती. आयबीएमच्या यंत्रांची देखभाल तिने स्वीकारली. अशी ठिकाणे देशभरात ८०० हून अधिक होती, असे सांगितले जाते. आयबीएम गेल्यावर धावाधाव करून माणसे जमवावी लागली असती, तर चित्र वेगळे दिसले असते.

७/ दुरुस्तीतून पुढे निर्मितीचे सामर्थ्य आले. ‘सीएमसी’ या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या याच संस्थेने १९८६ मध्ये दिल्लीत रेल्वेची संगणकीकृत आरक्षण व्यवस्था उभारली. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारात आलेली ‘बोल्ट’ ही संगणकीय व्यवहार प्रणालीही तिचीच.

८/ पुढे काळाचे चक्र फिरले. २०१५ मध्ये सीएमसी टीसीएसमध्ये विलीन झाली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे क्लाउड केंद्रे सुरू केली. २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनचे केंद्र मुंबईत आले. भाड्याचा संगणक नव्या रूपात परतला, आणि त्याबरोबर देखभालीचा जुना प्रश्नही.

९/ क्लाउड कंपन्या जबाबदारीची वाटणी स्पष्टपणे मांडतात. इमारत, वीज, सर्व्हर त्यांच्याकडे. कोणाला कोणती फाइल दिसावी, नोकरी सोडलेल्याचे खाते कधी बंद व्हावे, बॅकअप खरोखर परत मिळवता येतो का, हे पाहणे ग्राहकाकडे. भोसरीच्या लघुउद्योगात इंटरनेटची लाइन तुटली किंवा प्रिंटर अडला, तर दूरचे डेटा सेंटर त्याला काय करणार?

१०/ याचे प्रत्यंतर १९ जुलै २०२४ रोजी आले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने इंटरनेटवरून एक सदोष अद्ययावत फाइल धाडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांच्या हाती शाईने लिहिलेले बोर्डिंग पास पडले.

११/ सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. परंतु कोलमडलेला संगणक सुरूच होत नव्हता. मग दूरवरून धाडलेला उपाय त्याच्यापर्यंत पोहोचावा कसा? बहुतेक ठिकाणी तंत्रज्ञाने यंत्रासमोर बसून, ते सेफ मोडमध्ये सुरू करून, ती फाइल हाताने काढावी लागली. डिस्क कूटबद्ध असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी कीही लागे.

१२/ डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीची सुमारे ७,००० उड्डाणे रद्द झाली. सुमारे ४०,००० सर्व्हर हाताने पूर्ववत करावे लागल्याचे तिच्या प्रमुखांनी सांगितले. बिघाड क्षणार्धात जगभर पसरला. दुरुस्ती मात्र एकेका यंत्रापाशी, माणसाच्या गतीने झाली.

१३/ क्लाउडमुळे लघुउद्योगांना मोठ्या यंत्रणांचे सामर्थ्य अल्प खर्चात मिळाले, हे निर्विवाद. पण त्या बचतीत स्थानिक तंत्रज्ञाचे वेतनही धरले, तर हिशेब चुकतो. सर्व्हरची खोली गेली तरी त्याचे काम उरतेच: परवानग्या, बॅकअप, कळा, जोडण्या आणि अडल्या वेळी प्रत्यक्ष हजेरी.

१४/ सीएमसीच्या इतिहासातील निर्णायक वर्ष १९७८ नव्हे, १९७५ आहे. संकटाच्या अडीच वर्षे आधी देखभालीची सोय झाली होती. क्लाउडचा करार करणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाने सहीपूर्वीच दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: सेवा खंडित झाल्यास कार्यालयात कोण येईल, आणि रिकव्हरी कीची प्रत कोणाकडे असेल.